सिद्कीयाचा दासमुक्ती करार

सिद्कीयाचा दासमुक्ती करार ही यहूदाच्या राज्याच्या अखेरच्या काळातील घटना आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला असताना (इ.स.पू. ५८८–५८७) राजा सिद्कीया याने नगरातील लोकांशी करार करून सर्व हिब्रू दासदासींना मुक्त करण्याचे ठरविले. त्याप्रमाणे त्यांना मुक्त करण्यातही आले. पुढे काही काळ वेढा उठताच मालकांनी त्याच लोकांना पुन्हा दास्यात ओढले. ही हकीकत हिब्रू बायबलमधील यिर्मया या ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात (वचने ८ ते २२) आली आहे. स्वातंत्र्य, दिलेला शब्द मोडणे आणि त्याचे परिणाम हे तीन विषय संदेष्ट्यांच्या वाङ्मयात वारंवार येतात. परंतु एका नेमक्या घटनेच्या आधारे ते तिन्ही एकत्र गुंफणारा एवढा स्पष्ट उतारा दुसरा क्वचितच सापडेल.

पार्श्वभूमी

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले, तरुण राजा यहोयाखीन यास कैद करून नेले आणि त्याचा चुलता मत्तन्या यास गादीवर बसविले. या मांडलिक राजाचे नाव बदलून त्याने सिद्कीया असे ठेवले. गादीवर येताना सिद्कीया २१ वर्षांचा होता. त्याने ११ वर्षे राज्य केले. नबुखद्नेस्सराशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्याने परमेश्वराच्या नावाने घेतली होती, तरी मिसरच्या मदतीच्या भरवशावर त्याने बंड केले. त्याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, दहाव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी वेढ्यास प्रारंभ झाला, अशी नोंद राजे या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात (२५:१) आहे.

यहूदाची तटबंदीची गावे एकामागून एक पडत गेली. यिर्मया ३४:७ नुसार एका टप्प्यावर यरुशलेमखेरीज लाखीश आणि अजेका ही दोनच तटबंदीची नगरे उरली होती. १९३५ मध्ये लाखीशच्या जागी झालेल्या उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. त्यांतील एका पत्रात, लाखीशच्या इशाऱ्याच्या अग्नीकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत, कारण अजेकाचा इशारा दिसत नाही, अशा आशयाचा मजकूर आहे. हे पत्र अजेका पडल्यानंतरचे आहे काय, याविषयी मतभेद असले तरी ते याच धामधुमीच्या काळातील आहे असे सामान्यतः मानले जाते.

दास्य आणि मुक्ततेचा कायदा

या करारातील दास हे युद्धात पकडलेले परकीय नव्हते. ते त्याच समाजातील, बहुधा कर्जापोटी स्वतःला किंवा मुलांना विकावे लागलेले लोक होते. दुष्काळ, आजारपण किंवा कर्त्या पुरुषाचा मृत्यू यांमुळे कुटुंब सावकाराच्या हाती कसे जाई, याचे एक चित्र राजे या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात (४:१) आहे. तेथे एका संदेष्ट्याची विधवा अलीशाकडे येऊन सांगते की, धनको तिच्या दोन्ही मुलांना दास म्हणून नेण्यास आला आहे.

अशा दास्याला कायद्याने मुदत घातली होती. निर्गम २१:२ नुसार हिब्रू दासाने सहा वर्षे चाकरी करावी आणि सातव्या वर्षी काही न देता मुक्त व्हावे. अनुवाद १५:१२–१८ येथे हाच नियम स्त्रियांनाही लागू केला आहे. शिवाय मालकाने त्यांना रिकाम्या हाताने न पाठविता कळप, खळे आणि द्राक्षकुंड यांतील वाटा द्यावा असे बजावले आहे. ही जोड महत्त्वाची आहे. गाठीला काहीच नसलेला मनुष्य सुटला तरी पुढच्या हंगामात पुन्हा त्याच सावकाराच्या दारी उभा राहणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. लेवीय २५ मध्ये पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी सर्वांनी आपापल्या वतनाकडे परतावे अशी तरतूद आहे. या कायद्यांची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. लेवीय २५:४४–४६ नुसार परकीय दासांना ही मुक्तता लागू नव्हती आणि सिद्कीयाच्या करारातही त्यांचा समावेश नाही.

मुक्ततेसाठी या उताऱ्यात आलेला हिब्रू शब्द ‘देरोर’ हा आहे. या अर्थाने तो हिब्रू बायबलमध्ये अवघा सात वेळा येतो आणि त्यांपैकी चार वेळा याच प्रसंगात. त्याचे नाते अक्कादी भाषेतील ‘अंदुरारू’ या शब्दाशी आहे. मेसोपोटेमियाचे राजे अधूनमधून फर्मान काढून कर्जे रद्द करीत आणि कर्जापोटी दास झालेल्यांना घरी जाऊ देत. इ.स.पू. १७व्या शतकातील बाबेलचा राजा अम्मी-सदुका याचे असे फर्मान उपलब्ध आहे. त्यातही कर्जदार म्हणून विकल्या गेलेल्यांना मुक्तता मिळते. मालकाच्या घरीच जन्मलेल्या दासांना मिळत नाही. सिद्कीयाने केलेली घोषणा स्वरूपाने या राजकीय फर्मानांच्या जवळची आहे, कारण तोराच्या कायद्यात प्रत्येक दासाची सहा वर्षे स्वतंत्रपणे मोजावयाची होती, तर येथे सर्वांना एकदम सोडले गेले. यिर्मयाचा ग्रंथ मात्र तिचा अर्थ सातव्या वर्षाच्या कायद्याच्या प्रकाशातच लावतो.

घटनाक्रम

करार मंदिरात, परमेश्वरासमोर झाला. यहूदाचे व यरुशलेमचे सरदार, दरबारातील अधिकारी, याजक आणि देशाचे लोक (म्हणजे जमीनजुमला असलेला प्रतिष्ठित वर्ग) या सर्वांनी त्यात भाग घेतला. ग्रंथाच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी ऐकले आणि दासदासींना सोडून दिले. घोषणा केवळ तोंडची राहिली नाही, हे येथे विशेष आहे.

पुढे मिसरचा फारो होफ्रा याचे सैन्य निघाल्याची वार्ता आली आणि बाबेलच्या सैन्याला वेढा सोडून त्याच्या समाचारास जावे लागले (यिर्मया ३७:५). नगराची दारे उघडली. लोक बाहेर जाऊ-येऊ लागले. स्वतः यिर्मयाही याच दिवसांत बन्यामीनच्या प्रदेशात आपल्या वाट्याच्या कामासाठी निघाला असता, शत्रूला जाऊन मिळण्याचा आरोप ठेवून त्याला वेशीवर अटक करण्यात आली. याच उसंतीत मालकांनी सोडलेल्या माणसांना परत आणून पूर्ववत दास केले. ३४व्या अध्यायात हा क्रम सरळ सांगितलेला नाही. तेथे फक्त ‘तुमच्यापासून निघून गेलेले सैन्य’ असा ओझरता उल्लेख शेवटी येतो आणि ३७व्या अध्यायाशी तो जोडून पाहिल्यावरच दासांना परत आणण्याची वेळ स्पष्ट होते.

मुक्ततेमागचा हेतू

सर्वांना एकाएकी मुक्त का केले, याचे कारण ग्रंथ देत नाही. अभ्यासकांनी तीन प्रकारची उत्तरे सुचविली आहेत. संकटात देवाची कृपा व्हावी म्हणून दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला कायदा पाळला, हे पहिले. दुसरे व्यावहारिक आहे: वेढ्यात शेते नगराबाहेर राहिली, दासांना काम उरले नाही आणि धान्य तर दिवसेंदिवस कमी होत होते, अशा वेळी मुक्तता देणे म्हणजे पोसण्याची जबाबदारी झटकणे होते. तिसऱ्या मतानुसार तटावर लढण्यासाठी स्वतंत्र पुरुष हवे होते. नाहूम सार्ना यांनी १९७३ मध्ये ही मुक्तता सातव्या विश्रांतिवर्षाशी जोडून दाखविण्याचा प्रयत्न केला.

दुसरे कारण सर्वांत पटण्याजोगे वाटते, कारण त्यानेच पुढच्या घूमजावाचाही उलगडा होतो. दारे उघडली, शेते मोकळी झाली आणि मजुरांची गरज पुन्हा भासू लागली. तरीही यिर्मया हेतूंची चिकित्सा करीत नाही. परमेश्वराच्या दृष्टीने जे योग्य ते तुम्ही केले होते, असे तो स्पष्टपणे मान्य करतो (३४:१५). हेतू कसाही असो, कृती योग्य होती आणि म्हणूनच ती उलटविण्याचा दोष अधिक गंभीर ठरतो.

यिर्मयाचा निवाडा

निवाड्याची सुरुवात इतिहासाच्या स्मरणाने होते. तुमच्या पूर्वजांना मी मिसरातून, दास्याच्या घरातून बाहेर काढले त्या दिवशीच मी त्यांच्याशी हा करार केला होता, असे परमेश्वर सांगतो. म्हणजे दासांना सोडण्याची अट ही इस्राएलच्या स्वतःच्या सुटकेतून आलेली आहे. जो समाज स्वतः सोडवला गेला, त्याने आपल्याच बांधवाला कायमचे बांधून ठेवणे हे त्याच्या अस्तित्वाच्या मुळाशी विसंगत आहे. लेवीय २५:४२ मध्येही हाच तर्क येतो: हे लोक परमेश्वराचे दास आहेत, म्हणून ते इतरांना विकले जाऊ शकत नाहीत.

उताऱ्याची सारी रचना ‘शूव’ या एका हिब्रू क्रियापदाभोवती फिरते. त्याचा अर्थ वळणे, परतणे. संदेष्टे पश्चात्तापासाठीही हेच क्रियापद वापरतात. लोक आधी वळले, म्हणजे त्यांनी चांगले केले. मग पुन्हा वळले आणि दासांना परत आणले. आणि शेवटी परमेश्वर बाबेलच्या सैन्याला परत आणील. मालकांनी दासांना ‘परत आणले’ त्यासाठी आणि परमेश्वर सैन्याला ‘परत आणील’ त्यासाठी मूळ भाषेत या एकाच क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. मराठीत ‘परतणे’ आणि ‘मागे फिरणे’ यांनी हा खेळ बराचसा राखता येतो. पण पश्चात्तापाची छटा त्यात उतरत नाही.

दुसरा शब्दखेळ ‘देरोर’चा आहे आणि तो अधिक कठोर आहे. तुम्ही आपल्या बांधवाला मुक्तता जाहीर केली नाही, तर आता मी तुम्हालाच मुक्तता जाहीर करतो, असे परमेश्वर म्हणतो. ही मुक्तता तरवार, मरी आणि दुष्काळ यांच्या स्वाधीन होण्यासाठी आहे (३४:१७). दास मालकाच्या ताब्यातून सुटतो तेव्हा मालकाचा त्याच्यावरचा हक्क संपतो, तसे त्याचे संरक्षणही संपते. येथे परमेश्वर आपल्या लोकांवरचा हक्क सोडतो आणि त्याबरोबर त्यांचे संरक्षणही काढून घेतो. शिक्षा बाहेरून लादलेली नाही. लोकांनी ज्या शब्दाशी खेळ केला, त्याच शब्दाचा शिक्षा हा उरलेला अर्थ आहे.

कापलेले वासरू

निवाड्याच्या उत्तरार्धात (३४:१८–२०) करार कसा झाला होता याचे दुर्मीळ वर्णन येते. एका वासराचे दोन तुकडे करून समोरासमोर ठेवले होते आणि सर्व प्रतिष्ठित त्यांच्यामधून चालत गेले होते. हिब्रूत करार ‘करणे’ या अर्थी ‘कापणे’ असाच वाक्प्रचार आहे. मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे करार करतात आणि मग मोडतात, तेथे तो कापूनच करीत असत. तुकड्यांमधून चालणारा मनुष्य मूकपणे स्वतःला शाप देत असे: हा शब्द मी मोडला, तर माझी गत या जनावरासारखी होवो.

हा अर्थ केवळ तर्काने काढलेला नाही. सीरियात अलेप्पोजवळील सफीरे येथे मिळालेल्या इ.स.पू. ८व्या शतकातील अरामी शिलालेखांत अर्पादचा राजा मतीएल याच्या तहात, हे वासरू जसे कापले जाते तसाच मतीएल व त्याचे सरदार कापले जावोत, अशा आशयाचे कलम आहे. उत्पत्ती १५ मध्ये अब्राहामाने कापलेल्या पशूंच्या मधून धुमसती भट्टी आणि पेटता पलिता जातो. तेथे मनुष्य चालत नाही, देवाच्या उपस्थितीची चिन्हे जातात. म्हणजे शब्दाची जोखीम देव स्वतःवर घेतो. यरुशलेमच्या सरदारांनी ती जोखीम स्वतःवर घेतली होती. त्यांची प्रेते आकाशातील पाखरे व जमिनीवरील पशू खातील, असे यिर्मया सांगतो तेव्हा त्यांनीच उच्चारलेला शाप तो केवळ वाचून दाखवीत असतो.

राजाची जबाबदारी

करार राजाच्या पुढाकाराने झाला. तो मोडण्यात राजाचा हात किती, हे मजकुरावरून कळत नाही. वचन ११ मध्ये कर्ता अनेकवचनी आहे. यिर्मयाच्या ग्रंथातील सिद्कीया हा दुष्ट राजापेक्षा दुर्बल राजा म्हणून अधिक दिसतो. यिर्मयाला ठार मारण्याची मागणी सरदार करतात तेव्हा, तुमच्यापुढे राजाचे काही चालत नाही, अशी कबुली तो देतो (३८:५). अशा राजाने जाहीर केलेली मुक्तता मालकवर्गाच्या मर्जीवरच टिकणार होती.

तथापि सिद्कीयाने स्वतःही एक शपथ मोडलेली होती. यहेज्केल या संदेष्ट्याने, जो आधीच बाबेलमध्ये निर्वासित होता, १७व्या अध्यायात नबुखद्नेस्सराशी केलेल्या कराराचा प्रश्न घेतला आहे. परक्या, जुलमी राजाला दिलेला शब्द मोडण्यात काय पाप, असे कोणालाही वाटेल. यहेज्केलचे उत्तर धक्कादायक आहे: ती शपथ परमेश्वराच्या नावाने घेतली होती, म्हणून ती मोडणे हा परमेश्वराचाच अपमान आहे. दोन्ही संदेष्ट्यांचे निवाडे शेजारी ठेवले असता असे दिसते की, शब्द बलवानाला दिला होता की दुर्बलाला, याने त्याच्या बंधनकारकतेत फरक पडत नाही. मात्र बलवानाजवळ शब्द मोडल्याचा जाब विचारण्यास सैन्य असते. दासीजवळ संदेष्ट्यावाचून कोणी नसते.

परिणाम

मिसरची मदत टिकली नाही आणि बाबेलचे सैन्य परतले. सिद्कीयाच्या ११व्या वर्षी, चौथ्या महिन्याच्या नवव्या दिवशी, नगरात अन्नाचा कण उरला नसता तटाला खिंडार पडले (इ.स.पू. ५८७, काहींच्या गणनेनुसार ५८६). पळून जाणाऱ्या राजाला यरीहोच्या मैदानात पकडले. रिब्ला येथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारण्यात आले, मग त्याचे डोळे काढून त्याला बेड्या घालून बाबेलला नेले. महिन्याभराने सेनापती नबुजरदानाने मंदिर, राजवाडा आणि मोठी घरे जाळली. यिर्मया ५२:२८–३० येथे तीन खेपांत नेलेल्या निर्वासितांची संख्या ४,६०० दिली आहे.

एक नोंद सहज नजरेतून निसटते. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते अशा गरीब लोकांना नबुजरदानाने यहूदातच ठेवले आणि त्यांना द्राक्षमळे व शेते दिली (३९:१०). दास्यातून सुटून परत दास्यात गेलेल्यांपैकी कोणी त्यांत होते असे ग्रंथ म्हणत नाही. परंतु स्वकीयांच्या कायद्याने जे द्यावयास हवे होते ते शत्रूच्या अधिकाऱ्याच्या हातून मिळाले, ही विसंगती ग्रंथाच्या संपादकांना दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. सबंध उताऱ्यात दासदासींचे नाव नाही आणि त्यांचा एक शब्दही नाही. किती दिवस ते मुक्त होते, हेही सांगितलेले नाही.

ग्रंथातील स्थान

यिर्मयाच्या ग्रंथाची मांडणी काळानुसार नाही. ३४व्या अध्यायानंतर लगेच येणारा रेखाबी लोकांचा प्रसंग सिद्कीयाच्या आधीच्या, यहोयाकीम राजाच्या काळातील आहे. रेखाबी हे तंबूत राहणारे लोक होते. द्राक्षारस पिऊ नये, घरे बांधू नयेत ही पूर्वज योनादाबाची आज्ञा ते पाळीत आले होते. यिर्मयाने त्यांच्यापुढे मंदिरात द्राक्षारसाचे प्याले ठेवले, तरी त्यांनी नकार दिला. काळाचा क्रम सोडून हे दोन प्रसंग शेजारी ठेवण्याचे कारण उघड आहे. एकांनी माणसाने घातलेला साधा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला, दुसऱ्यांना देवासमोर स्वतःच केलेला करार एका मोहिमेपुरताही पाळता आला नाही. ग्रीक भाषांतरात (सप्तती) अध्यायांचा क्रम वेगळा असून हा प्रसंग तेथे ४१व्या अध्यायात येतो; रेखाबींची जोडी मात्र तेथेही कायम आहे.

इतर संदेष्ट्यांत

आमोस (इ.स.पू. ८वे शतक) उत्तरेकडील इस्राएलला दोष देताना पहिलाच आरोप ठेवतो तो क्षुल्लक कर्जापोटी, जोडाभर वहाणांच्या किमतीत, गरिबाला विकल्याचा (२:६). बंधुत्वाचा करार विसरून बंदिवानांना अदोमाच्या हवाली केल्याबद्दल त्याने सोर या परक्या नगरालाही दोषी धरले आहे (१:९). निर्वासनानंतरच्या यशया ५८ मध्ये जुलुमाखालील लोकांना मुक्त करणे हाच खरा उपवास म्हटला आहे आणि ६१:१ मध्ये ‘देरोर’ हा शब्द आश्वासन म्हणून परततो. नहेम्याच्या काळात (इ.स.पू. ५वे शतक) तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला: लोकांच्या मुलीबाळी कर्जापोटी दास्यात जात होत्या. नहेम्याने सरदारांकडून शेते व व्याज परत करण्याचे वचन घेतले, याजकांना बोलावून शपथ घालविली आणि आपल्या वस्त्राचा ओचा झटकून, शब्द मोडणारा असाच झटकला जावो, असे म्हटले. या वेळी लोकांनी वचन पाळले, अशी नोंद नहेम्या ५:१३ मध्ये आहे.

उत्तरकालीन वाचन

लूकच्या शुभवर्तमानात (४:१६–२१) येशू नासरेथच्या सभास्थानात यशया ६१ मधील मुक्ततेचा उतारा वाचतो. लेवीय २५:१० मधील ‘देरोर’चे वचन अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या विधिमंडळाने १७५१ मध्ये मागविलेल्या घंटेवर कोरले गेले. १९व्या शतकात गुलामगिरीच्या विरोधकांनी ते आपले घोषवाक्य केले व त्या घंटेला ‘लिबर्टी बेल’ हे नाव रूढ झाले.

यहुदी वाचनक्रमात निर्गम २१ पासून सुरू होणाऱ्या ‘मिश्पातीम’ या साप्ताहिक भागासोबत, एखाद्या विशेष शब्बाथाशी गाठ पडली नाही तर, यिर्मया ३४:८–२२ वाचले जाते. दासाला सातव्या वर्षी सोडण्याचा नियम आणि तो मोडल्याची हकीकत अशी एकाच सकाळी ऐकू येते. वाचन ओसाड नगरांच्या वचनावर थांबू नये म्हणून वाचक तेथून मागे जाऊन ३३व्या अध्यायातील शेवटची दोन वचने वाचतो. त्यांत दिवस आणि रात्र यांच्याशी केलेला करार न मोडण्याची परमेश्वराची ग्वाही आहे.